संमतीचा कागद

आचरे, ६ नोव्हेंबर १९६१

वन्सं,

सुभद्राचा नमस्कार. घरची खुशाली शेवटी लिहीन, आधी खाली बसून घ्या. मी मोटार चालवायला शिकणार आहे.

हसलात ना? हसा. इथे सगळा गाव हसतोय, त्यात मुंबईचं एक हसू वाढलं तर माझं काही बिघडत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, दोन वर्षं झाली मी डॉक्टर सत्यवतीबाईंच्या दवाखान्यात आया आहे. बाळंतपणासाठी बाईंना गावोगाव जावं लागतं. दवाखान्याची ती लढाईतली जुनी जीप आणि तिचा ड्रायव्हर बाबली. बाबली गणपतीपासून सकाळीच ताडी घेऊन बसतो. मागच्या महिन्यात मसुऱ्याच्या एका बाईचं पोट दुखू लागलं, निरोप्या दारात उभा, आणि बाबली माडाच्या मुळाशी आडवा. शेवटी बाई बैलगाडीने गेल्या. पोर वाचलं नाही. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी बाबलीला काढलं आणि मला म्हणाल्या, "सुभद्रा, जीप तू शीक."

मी म्हटलं, "बाई, मी सायकलवरसुद्धा कधी बसले नाही."

म्हणाल्या, "बाबली तरी कुठे बसला होता?"

तर आधी शिकाऊ लायसन काढायचं. ते हातात आलं की शेजारी पक्क्या लायसनचा माणूस बसवून रस्त्यावर चालवायला मुभा. बाईंकडे पुण्याचं पक्कं लायसन आहे, त्या बसतील. दवाखान्याच्या कमिटीने मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर माझं शिकाऊ लायसन आलं तर ड्रायव्हर म्हणून माझं नाव लागेल, नाही तर कोल्हापूरहून माणूस आणणार.

वन्सं, हे मला हवं आहे. तुम्हाला म्हणून लिहिते. तुमच्या भावाचा शिडाचा पडाव मंगळूरहून छपराचे नळे भरून येताना कारवारपाशी फुटला, त्याला या आश्विनात नऊ वर्षं झाली. पाच जणांची प्रेतं किनाऱ्याला लागली, यांचं लागलं नाही. माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून मी कुंकू लावते, पण सवाष्ण म्हणून मला कोणी ओटी भरायला बोलावत नाही. माणूस बेपत्ता झाला की बारा वर्षं वाट बघायची, मग भट पळसाच्या पानांचा माणूस करून जाळणार आणि मग मी विधवा. म्हणजे अजून तीन वर्षं. तोवर मी कोण, हे मला कोणी सांगत नाही. निदान ड्रायव्हर तर होईन.

तुमच्या आईची तब्येत बरी आहे. मोटारीचं ऐकून म्हणाली, "बायलमाणसान मोटार चालवची? माजो झील गुरू येतलो तेवा काय म्हणतलो?" मी म्हटलं, येऊ देत तर खरे चिरंजीव, मग विचारू.

कोकमाची सोलं वाळवून ठेवली आहेत, बोटीने कोणी येणारं असलं की पाठवते.

सुभद्रा

~

गिरगाव, २१ नोव्हेंबर १९६१

सुभद्रे,

अगो, तू बाई आहेस की कोण! पत्र वाचून आमचे हे एवढे हसले की चहा सांडला. म्हणाले, तुझी भावजय आता मुंबईला जीप घेऊन येईल आणि चाळीच्या जिन्यातून वर चढवील. मी म्हटलं, चढवील पण. तिला तुम्ही ओळखत नाही.

शीक हो, शीक. मला अभिमान वाटला. पण बाई ग, जपून. अर्जात 'विवाहित' लिही, दुसरं काही लिहू नको. कोणी खोदून विचारलं तर गप्प बस. तुझं तोंड जरा लवकर सुटतं म्हणून सांगते.

आणि आईला एकटी टाकून फार लांबच्या गावांना जात जाऊ नको. तिची सत्तरी आली. तू तिच्यापाशी आहेस म्हणून मी इथे सुखाने दोन घास खाते. हे मी तुला कधी बोलून दाखवत नाही, पण रोज मनात असतं.

सोलं पाठवच. इथली नुसती काळी असतात, आंबट नसतात.

तुझी आनंदी

~

आचरे, १४ डिसेंबर १९६१

वन्सं,

मंगळवारी कचेरीत जाऊन आले. बाई बरोबर होत्या. स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतला होता, त्यात मी चोर पकडल्यासारखी दिसते. डोळे तपासल्याचा दाखला बाईंनीच दिला. मी सातवीची फायनल पास, त्यामुळे अर्ज माझ्या हाताने भरला होता. तरी कारकुनाने सगळं पुन्हा तोंडी विचारायला घेतलं.

"नवऱ्याचं नाव?"

मी अर्जावर बोट ठेवलं. म्हटलं, कागदावर लिहिलंय ते वाचा ना.

"अहो बाई, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजता आणि मोटार चालवणार?"

मी म्हटलं, "साहेब, मोटार चालवताना नाव घ्यावं लागत नाही." धोंडू म्हणून तिथला शिपाई आहे, तो तोंडावर टोपी धरून हसला. कारकुनाला ते लागलं असणार. चष्मा सारखा करून म्हणाला, "बाईमाणसाच्या अर्जाला नवऱ्याची संमती हवी. सही आणि डाव्या हाताचा अंगठा, दोन्ही. सही काय, कोणीही करतं."

"ते इथे नाहीत."

"कुठे असतात?"

वन्सं, मी काय सांगणार होते? तुम्ही गप्प बस म्हणून लिहिलं होतंत, पण तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, "समुद्रात."

सगळी कचेरी माझ्याकडे बघायला लागली. त्याने जरा हळू आवाजात विचारलं, "म्हणजे वारले?" मी म्हटलं, ठाऊक नाही. अर्ज माझ्याकडे परत सरकवून तो बिचारा म्हणाला, "बाई, जिवंत असतील तर संमती आणा, वारले असतील तर दाखला आणा. तिसरा रकाना सरकारने ठेवलेला नाही."

बाई भांडल्या, असा कायदा दाखवा म्हणाल्या. तो म्हणाला, आमच्याकडे अशीच पद्धत आहे, साहेब फेरीवर येतील तेव्हा त्यांना विचारा. परतीच्या वाटेवर बाई रागाने बोलत होत्या आणि मला काही ऐकू येत नव्हतं. नऊ वर्षं मला जे कोणी तोंडावर विचारलं नव्हतं, ते त्याने एका वाक्यात विचारलं होतं.

तलाठ्याकडे जाऊन आले. तो म्हणतो, बुडून मेल्याची नोंद अजूनही होईल, पण रक्ताच्या माणसाची जबानी हवी. आई किंवा बहीण. आईला विचारलं. विचारायला नको होतं. ती उठून उभी राहिली. "माज्या झिलाक मी माज्या हातान मारू? आंगठो देवचंय नाय." दिवसभर मी वाढलेलं जेवली नाही.

आता तुम्हीच राहिलात. तुम्ही सख्खी बहीण. दोन ओळी लिहून द्या, की पडाव फुटला त्या दिवसापासून भावाचा ठावठिकाणा नाही, तो बुडून वारला असं मी मानते. माझ्या नवऱ्याला मेलेला लिहून द्या म्हणून मीच मागते आहे. पण तीन वर्षांनी तेच करायचं आहे ना? मग आज करा. मार्चनंतर त्याचा मला उपयोग नाही.

सुभद्रा

ता. क. सावंतवाडीच्या रस्त्याने लष्कराच्या गाड्या चालल्या आहेत म्हणतात. गोव्याचं काहीतरी होणार.

~

गिरगाव, १७ जानेवारी १९६२

सुभद्रे,

उत्तराला उशीर झाला. मला बरं नव्हतं. त्यात गोवा मोकळा झाला, शेजारची गोंयकार मंडळी पेढे वाटत होती, महिनाभर चाळीत कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं.

तू मागितलंस ते माझ्याकडून होणार नाही. चार वेळा कागद घेऊन बसले. 'वारला' हा शब्द माझ्याने लिहवत नाही. सख्ख्या भावाबद्दल देवाधर्मासमोर खोटं... म्हणजे खरं असो, खोटं असो, मी तो शब्द लिहिणार नाही. कारण विचारू नको.

आणि एवढी घाई तरी कशाची? कोल्हापूरचा ड्रायव्हर आला तर येऊ दे. तुझी आयाची नोकरी कोण काढून घेतंय? आहे ते बरं आहे. आईला दुखवू नको.

तुझी आनंदी

~

आचरे, २६ जानेवारी १९६२

वन्सं,

तुमचं पत्र वाचून चुलीत घालणार होते, घातलं नाही. पुन्हा वाचलं. "आहे ते बरं आहे." कोणाला बरं आहे?

आईने परवा रामेश्वराला कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, आईने विचारलं, माझा झील जिवंत आहे की नाही? उजवी पाकळी पडली. देव म्हणाला जिवंत. आई देवळातून आली ती नवी नवरी सासरी यावी तशी, सगळ्यांना सांगत. मी तिला काय बोलू? देवाशी कुठे भांडू? देवाला कचेरीत नेऊन त्याचा अंगठा घेता आला असता तर माझं काम झालं असतं.

मी तुमच्या भावाला मारायला निघालेली नाही. पहिली दोन वर्षं मी रोज खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायची, हे तुम्हाला आईनेसुद्धा सांगितलं नसेल, कारण तिलाही मी सांगितलं नव्हतं. शीड दिसलं की गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहायची. मग जायचं बंद केलं, कारण दुसऱ्यांचे नवरे उतरताना बघवेना. तुम्ही मायलेकी त्यांना जिवंत ठेवता. ठेवा. पण मला त्यासाठी खुंट्याला बांधून का ठेवता? मी एकोणतीस वर्षांची आहे.

आणि ऐका, मला येतं. कापणी झालेल्या शेतात बाई मला शिकवतात, शेतात लायसन लागत नाही. पहिल्या दिवशी बांधावर चढवली, दुसऱ्या दिवशी गवताच्या उडवीत घातली. बाई शेजारी बसून रामरक्षा म्हणत होत्या, वर मलाच म्हणाल्या, "घाबरू नकोस." परवा दुसरा गियर पडला आणि जीप सरळ निघाली. वन्सं, एवढा आनंद मला किती वर्षांत झाला नव्हता. मी मोठ्याने हसले आणि मग मलाच लाज वाटली.

मार्चच्या तेरा तारखेला साहेब येतात. ती शेवटची तारीख. तुमच्याकडून काही येणार नसेल तर तसं लिहा, मी आशा सोडते.

सुभद्रा

~

गिरगाव, २२ फेब्रुवारी १९६२

सुभद्रे,

सोबत एक कागद आहे. त्यावर संमती आहे, सही आहे, अंगठा आहे. कचेरीला कागद हवा होता, हा कागद. कसा झाला ते विचारू नको आणि कोणाला दाखवू नको. आईला तर मुळीच नको.

लायसन काढ. देव तुझं भलं करो, आणि मला क्षमा करो.

आनंदी

~

आचरे, १५ मार्च १९६२

वन्सं,

शिकाऊ लायसन मिळालं. हातात आहे. वर माझा तो चोर पकडल्यासारखा फोटो.

तुमचा कागद आला तेव्हा मी हसून हसून रडले. "मी गुरुदास भिकाजी तारी, माझी पत्नी सौ. सुभद्रा हिने मोटार चालवण्यास माझी हरकत नाही." खाली सही. म्हटलं, शाब्बास वन्सं! देवाधर्माच्या गोष्टी करणारी बाई भावाची सही ठोकून मोकळी झाली. 'ग' सुद्धा त्यांच्यासारखाच वाकडा. अंगठा कोणाचा घेतला असेल? भाऊजींचा असेल, म्हटलं. मनात तुमच्या पाया पडले.

आईला दाखवू नको म्हणाला होतात. पण ती माझ्या हसण्याने आली आणि कागद हातातून घेतला. तिला सही कुठली वाचता येते? तिने अंगठा बघितला. उजेडात धरून बघितला. मग बोट ठेवून म्हणाली, "ह्यो माज्या गुरूचो आंगठो. हय बघ, मदी तुटलेलो."

मी म्हटलं, झालं, आता म्हातारीला प्रत्येक ठशात झील दिसणार. कागद काढून घेतला.

मंगळवारी कचेरीत गेले. कारकुनाने कागद वाचला, भिंग काढलं आणि अंगठ्यावर धरलं. म्हणाला, "ठसा मधून तुटका आहे. नवऱ्याच्या डाव्या अंगठ्याला कापल्याची खूण आहे का?"

मी म्हटलं, "होय, पडावाच्या नांगराच्या दोरात सापडला होता."

असं पटकन म्हटलं, वन्सं. विचार न करता, बायकोने सांगावं तसं. त्याने शिक्का मारला, साहेबांनी चार प्रश्न विचारले, डोळे तपासले, सही केली. मी बाहेर आले आणि कचेरीच्या पायरीवर बसले. बाईंना वाटलं आनंदाने. पण मी कारकुनाला सांगितलं ते खरं होतं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांचा डावा अंगठा दोरात सापडून हाडापर्यंत कापला होता. लग्नात माझा हात धरला तेव्हा तो मला खरखरीत लागला होता. भाऊजींच्या अंगठ्याला तशी खूण नाही. तुमच्या नाही. ती खूण सही गिरवावी तशी गिरवता येत नाही.

वन्सं, हा अंगठा कोणाचा? मला गोड बोलू नका, आजारी होते म्हणू नका. एका शब्दात सांगा.

सुभद्रा

~

गिरगाव, २४ मार्च १९६२

सुभद्रे,

त्याचाच.

तो जिवंत आहे. वास्कोला असतो, गोदीत काम करतो. पडाव फुटला तेव्हा त्याला एका गोव्याच्या होडीने उचललं. चार महिने तापात होता, माणूस ओळखत नव्हता. एका विधवा बाईने त्याचं केलं. पुढे तो तिच्याकडेच राहिला. दोन मुलं आहेत.

मला हे आज कळलेलं नाही. एकदाच सगळं सांगून टाकते, मग तू मला शिव्या घाल. सत्तावन्न सालच्या श्रावणात एका तारवट्या खलाशाबरोबर त्याची चिठ्ठी आली. लिहिलं होतं, मला तोंड दाखवायला जागा नाही, सुभद्राला सांग मी मेलो. तेव्हा गोव्याची हद्द बंद होती, मी जाऊन त्याचे कान धरू शकले नाही. पण तुला सांगू शकत होते. सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, तेही लिहिते. तो जिवंत आहे आणि दुसरीकडे राहतो म्हटलं असतं तर तू माहेरी गेली असतीस. तो मेला म्हटलं असतं तरी गेली असतीस. मग आईचं कोणी केलं असतं? मला इथे चार मुलं, दोन खोल्या. मी माझ्या संसारासाठी तुला आईपाशी बांधून ठेवलं. तू खुंट्याला बांधलं म्हणून लिहिलंस ना, तेव्हा मी ते पत्र डब्यात लपवलं. तुला कसं कळलं, असंच वाटलं.

म्हणून 'वारला' लिहिता आलं नाही. शेवटी शेजारचा एक गोंयकार घरी निघाला होता, त्याच्याबरोबर कागद वास्कोला पाठवला आणि सही-अंगठा होऊन परत आला. बरोबर चिठ्ठी होती. तुझ्याबद्दल एवढंच की, "ती कशाला घाबरायची नाही." मी ते दहा वेळा वाचलं. राग यावा की रडू यावं, समजेना.

तो वाईट नाही ग. कमकुवत आहे. आईवर त्याचा जीव आहे. मुलगा झाला त्याचं नाव आमच्या बाबांचं ठेवलं, भिकाजी. आणि मुलीचं नाव तर त्याने आईचंच ठेवलंय, हौसा. चार वर्षांची आहे. हे वाचून मला भरून आलं. इतक्या लांब राहून आईला विसरला नाही.

आता हद्द उघडली आहे तर वैशाखात आईला बघायला येतो म्हणतो. आल्यावर तिला किती आनंद होईल! तू तेवढे आठ दिवस माहेरी गेलीस तर बरं. समोरासमोर झालं तर कोणालाच सोसणार नाही. ही माझी शेवटची मागणी.

माझ्याशी संबंध ठेवू नको म्हटलंस तर मी काही बोलणार नाही.

आनंदी

~

आचरे, ८ एप्रिल १९६२

वन्सं,

पत्र मिळालं तेव्हा मी दवाखान्यात होते. जीपमध्ये जाऊन बसले आणि वाचलं. मग तिथेच ओरडून रडले. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं कुठे लागलं. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या.

नऊ वर्षं मी देवाकडे एकच मागितलं होतं, ते जिवंत असू देत. देवाने दिलं की! आधी मेल्याचं रडणं मला कोणी करू दिलं नाही, आणि आता जिवंत असल्याचा आनंद, तोही दुसऱ्याच बाईचा. मग माझं काय? मी कोणासाठी खाडीवर जात होते? तुमचा राग येतो, फार येतो, पण तुम्ही निदान खरं लिहिलंत. त्यांनी तेवढंही केलं नाही. संमती मात्र लगेच दिली. नऊ वर्षांत नवरा म्हणून त्यांनी माझ्यासाठी एवढं एकच केलं, आणि तेही दुसऱ्याने मागितल्यावर.

कुंकवाचं काय करायचं मला कळत नाही. पुसायचं तर ते मेलेले नाहीत, लावायचं तर ते माझे नाहीत. आज लावलंय. उद्याचं उद्या बघेन.

आईपासून लपवा म्हणून तुम्ही या वेळी लिहिलं नाहीत, पण लिहिलं असतंत तरी मी ऐकलं नसतं. या घरात लपवणं पुष्कळ झालं. परवा सकाळी तिला ओसरीवर बसवलं आणि तुमचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मला बांधून ठेवल्याचं, तुमच्या दोन खोल्यांचं, सगळं.

जिवंत आहे ऐकून तिचा चेहरा असा उजळला! म्हणाली, "मी काय सांगी होतंय? रामेश्वरान सांगल्यान मा!" दुसऱ्या बाईचं ऐकून माझा हात धरला, पण रागावली नाही. भिकाजीचं नाव ऐकून मान हलवली, बरं वाटलं तिला. मग मी पुढे वाचलं. आई म्हणाली, "चेडवाचा नाव काय म्हटलंस?"

"हौसा."

"परत वाच."

मी परत वाचलं. आईने पत्र माझ्या हातून घेऊन खाली ठेवलं. मग म्हणाली, "जित्या माणसाचा नाव कोण पोराक ठेवता गो?"

वन्सं, तुम्ही इतकी वर्षं मुंबईत राहिलात, विसरलात का? बाबा गेले होते म्हणून त्यांचं नाव नातवाला. आपल्यात गेलेल्या माणसाचंच नाव ठेवतात, जिवंत माणसाचं ठेवायला लोक भितात. चार वर्षांपूर्वी त्या मुलीचं बारसं झालं, तेव्हा आई इथे रोज देवापुढे दिवा लावताना त्यांचं नाव घेत होती. एकदा चौकशी केली असती तरी कळलं असतं. तुम्हाला चिठ्ठी पाठवणारा माणूस, आई कशी आहे, एवढं विचारू शकला नाही? आई आता नसणार, असं त्याने धरून टाकलं. आणि तुम्ही त्याचंच कौतुक करून लिहिलंत.

आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "नव वर्षां मी तेका मरूक दिलंय नाय. आणि तेना माका कदीच जाळून टाकल्यान." मग उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस पेजेशिवाय काही घेतलं नाही. काल बाईंनी येऊन तपासलं. नाडी चांगली आहे म्हणाल्या, बाकी औषध माझ्याजवळ नाही.

एक तारखेपासून कमिटीने माझं नाव ड्रायव्हर म्हणून लावलं. अजून बाई शेजारी बसतात, पुढे लाल अक्षराची पाटी, पोरं मागे धावतात. काल मसुऱ्याला गेलो होतो, बाळंतीण आणि मुलगी दोघी सुखरूप. मागच्या वेळी ज्या बाईचं पोर गेलं तिचं घर वाटेत लागतं. ती दारात उभी होती, माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

तुम्ही मला माहेरी जायला सांगता. मी जाणार नाही. वैशाखात जीप माझ्याशिवाय उभी राहील. आणि आईला सोडून तर आता मुळीच जाणार नाही, पण ते तुम्ही बांधलंत म्हणून नाही. तिला आणि मला एकाच माणसाने एकाच दिवशी सोडलं, हे आम्हा दोघींना आता कुठे कळलं. आम्ही दोघी एकमेकींच्या आहोत.

त्यांना काय कळवायचं, असं आज सकाळी आईला विचारलं. येऊ देत का वैशाखात? ती भिंतीकडे तोंड करून होती, तशीच बोलली. मी कागद घेऊन बसले. ती बोलली तसंच खाली उतरवते, यात माझं एक अक्षर नाही. तुम्ही हे वास्कोला पाठवा.

"गुरू, तुजी आवस हौसा मेली. चेडवाक नाव ठेवलंस ता बरा केलंस. आता हय येव नको. हय तुजा कोण रवला नाय."

सुभद्रा